पायातील धमन्यांची अँजिओप्लास्टी : परिणाम किती टिकतो?

पायाची अरुंद धमनी फुग्याने रुंदावल्यानंतर ती किती काळ मोकळी राहील, हे मुख्यतः जागेवर ठरते. ओटीपोटातील मोठ्या धमनीत परिणाम बहुधा अनेक वर्षे टिकतो. मांडीत, विशेषतः गुडघ्याखालील बारीक धमन्यांत, ती पुन्हा आकसण्याचा संभव अधिक. धूम्रपान व मधुमेह त्यात भर घालतात. पाय कापण्याची वेळ आलेल्या रुग्णात मात्र काही महिन्यांचा वाढीव रक्तपुरवठाही जखम भरण्यास पुरेसा ठरू शकतो.

१९६४मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी केलेली पहिली अँजिओप्लास्टी अशाच रुग्णावर होती. पाय कापण्यास नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या त्या वृद्धेच्या मांडीतील धमनी त्यांनी क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्यांनी रुंदावली (फुगा नंतर आला). सुमारे अडीच वर्षांनी मृत्यू येईपर्यंत ती मोकळी राहिली.