चिलीची हरवलेली वेल आणि आपली द्राक्षं

परवा पुण्याहून भाचा आला. त्याच्या साहेबांनी त्याला एक बाटली भेट दिलेली, ती पिशवीतच होती. आमच्या घरात कुणी घेत नाही, त्यामुळं ती दोन दिवस कपाटात धान्याच्या डब्यामागं पडून राहिली. पण लेबल मी चष्मा लावून वाचलं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाची वाईन, अन् खाली द्राक्षाच्या जातीचं नाव: कार्मेनेर.

आपण पडलो जालना जिल्ह्याची माणसं. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं हा आपल्याकडं रोजच्या बोलण्यातला विषय. पाकिटावर जे नाव, तेच आत आहे का, हे आपण आधी बघतो. म्हणून त्या नावाच्या मागं लागलो, अन् भलताच इतिहास हाती आला.

१८५० च्या सुमारास चिलीतल्या श्रीमंत जमीनदारांनी फ्रान्समधल्या बोर्दो भागातून द्राक्षाच्या काड्या मागवल्या. नशीब बघा, त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच फ्रान्समध्ये अमेरिकेतून फायलोक्सेरा नावाची कीड शिरली. मुळांवर जगणारा बारीकसा किडा, पण लाखो एकर बागा त्यानं वाळवल्या. शेवटी अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचं कलम करायचं, एवढाच इलाज उरला. नव्यानं लागवड करताना कार्मेनेर मात्र मागं पडली, कारण तिकडच्या थंड-ओल्या हवेत तिला मणी नीट धरत नसत. फ्रान्समध्ये ती जवळजवळ संपलीच.

चिलीत ती कीड पोचलीच नाही. एका बाजूला अँडीज पर्वत, दुसरीकडं समुद्र, वर वाळवंट. तिथं वेली अजूनही बऱ्याच ठिकाणी स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत. पण गंमत अशी, की कार्मेनेर मेर्लो नावाच्या दुसऱ्या जातीत मिसळून लावलेली होती आणि सगळ्या बागेला मेर्लोच म्हणत. कार्मेनेर दोन-तीन आठवडे उशिरा पिकते. दोन्ही एकदम तोडली की अर्धा माल कच्चा, अन् वाईनला ढोबळी मिरचीसारखा वास. चिलीची मेर्लो अशीच असते, म्हणून लोक सोडून देत. १९९४ साली जाँ-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ एका बागेत फिरताना थांबले आणि म्हणाले, ही मेर्लो नव्हे, ही आमची हरवलेली कार्मेनेर. मग वेली वेगळ्या केल्या, तोडणी वेगळी केली. आज तीच जात चिलीची ओळख आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, भेसळ काढली अन् भाव आला.

शेजारच्या अर्जेंटिनाची गोष्ट तर आपल्याला अजून जवळची. तिथला मेंडोझा भाग वाईनसाठी जगप्रसिद्ध, अन् पाऊस वर्षाला साधारण २०० मिलिमीटर! आपल्याकडं दुष्काळी सालातही बहुतेक वेळा याहून जास्त पडतो. पाणी येतं अँडीजच्या बर्फाचं, पाटानं. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथल्या हुआर्पे लोकांनी पाट काढलेले होते. १८५३ साली मेंडोझात सरकारी शेतीशाळेचा प्रस्ताव आला, मिशेल पुजे नावाच्या फ्रेंच माणसाला नेमलं, त्यानं माल्बेक वगैरे जाती आणल्या. त्या प्रस्तावाची तारीख, १७ एप्रिल, आता जगभर माल्बेक दिवस म्हणून साजरी होते. कुण्या कारखानदाराचा वाढदिवस नाही, शेतीशाळेचा!

आता आपलं बघू. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला होता. तिथं द्राक्षं-डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं नोंदवलंय. आपल्या हवेत वेल झोपतच नाही. म्हणून तर आजही एप्रिलात खरड छाटणी अन् ऑक्टोबरात फळछाटणी करावी लागते. शेतकऱ्याची नजरही आपल्याकडं कमी नव्हती. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी थॉम्पसनच्या बागेत वेगळे लांबट मणी हेरले, त्यातून सोनाका आली. सांगलीकडच्या वसंतराव आर्वे यांनी अशीच तास-ए-गणेश दिली. आपल्याच तालुक्याशेजारी कडवंचीत १९९६ पासून पाणलोटाचं काम झालं, शेततळी झाली, अन् कोरडवाहू गाव द्राक्षाचं झालं.

पण ही सगळी खायची द्राक्षं. वाईनच्या जाती वेगळ्या, मणी बारीक, साल जाड. त्या नाशिक-नारायणगावकडं लागल्या. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, कर सवलती दिल्या, विंचूरला वाईन पार्क केलं. अन् मग थेट जानेवारी २०२२: वाईन सुपरमार्केटात ठेवायची का? त्या भांडणात मी विरोध करणाऱ्या बायांच्या बाजूचा. दारूनं मोडलेली घरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत, आडव्या बाटलीला मत देणाऱ्या आयाबहिणींना शहाणपण शिकवायला मी जाणार नाही. पण वीस वर्षांच्या धोरणानंतर वाद झाला तो मांडणीवरच्या बाटलीचा. कोणत्या मातीत कोणती जात, हे कुणी विचारलंच नाही.

परदेशी वाईनवर आपल्याकडं १५० टक्के आयात शुल्क होतं. ऑस्ट्रेलियासाठी २०२२ च्या करारानं ते टप्प्याटप्प्यानं उतरू लागलं. चिलीशीही २०२५ मध्ये मोठ्या व्यापार कराराची बोलणी ठरली. तुम्ही म्हणाल, आपल्या परतूर-मंठ्याला त्याचं काय? मला वाटतं, आहे. चिलीची बाटली स्वस्त झाली अन् नाशिकच्या कारखान्यांनी करारावरची द्राक्षं घेणं कमी केलं, तर तो शेतकरी वेल उपटून थॉम्पसनच लावणार. तो माल मग फेब्रुवारी-मार्चात कडवंचीच्या मालाशेजारीच बाजारात उभा राहील.

भाचा काल गेला, बाटली त्याची त्याला परत दिली. लेबलाचा फोटो तेवढा काढून ठेवलाय. वाटूर-परतूर भागात पूर्वी कुणाची द्राक्षबाग होती का, कोणती जात होती, खुंट कोणता होता, कुणाच्या आजा-पणजानं सांगितलं असेल तर खाली लिहा.