टॅब आला, पण तो कुणाचा? प्राथमिक शाळेतल्या हातसंगणकाचा इतिहास



औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमध्ये प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही कितीतरी सूक्ष्म फरक मोजणारं हे यंत्र. ते आपल्या हिंगोली जिल्ह्यात येतंय, याचा आनंद आपल्या सगळ्यांना आहेच. पण त्याच औंढा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीच्या मुलीच्या हातात टॅब दिला, तर त्याचं नेमकं काय होतं? आज आपण या छोट्या यंत्राचा इतिहास बघणार आहोत. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे यंत्र कसं चालतं यापेक्षा ते कुणाचं असतं, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सुरुवात करू या १९७२ पासून. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के नावाचे संशोधक होते. त्यांनी ‘डायनाबुक’ची कल्पना मांडली. वहीएवढा, काखेत मारून नेता येईल असा संगणक. आणि तो कुणासाठी? लहान मुलांसाठी! हे ऐकून नवल वाटेल, पण हातात मावणाऱ्या संगणकाची पहिली ठळक कल्पना साहेबाच्या टेबलासाठी केलेली नव्हती, ती शाळकरी पोरासाठी होती. के यांच्या मते मुलाने त्यावर नुसतं बघायचं नव्हतं, स्वतः काही घडवायचं होतं. डायनाबुक प्रत्यक्षात कधी बाजारात आलं नाही. पण त्यातला ‘बघणं की घडवणं’ हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मागे लागला आहे.

आपल्याकडे त्या काळात काय चाललं होतं? १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि शाळेसाठी मराठीतून कार्यक्रम तयार होऊ लागले. १९८७ मध्ये ‘खडू-फळा’ मोहीम आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शैक्षणिक साहित्य असावं, असा तिचा हेतू होता. म्हणजे जगात मुलाच्या हातातल्या संगणकाची चर्चा सुरू होऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हा आपण दुसऱ्या शिक्षकाची तरतूद करत होतो. यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. ती गरज खरी होती, आणि अनेक वाड्या-वस्त्यांवर आजही आहे.

नव्वदीच्या अखेरीस बंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी ‘सिंप्युटर’ची आखणी केली. हातात मावणारा, स्वस्त आणि भारतीय भाषांत बोलू शकणारा संगणक. त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती, स्मार्ट कार्डाची खाच. गरीब गावात प्रत्येकाला यंत्र परवडणार नाही, हे त्यांनी आधीच धरलं होतं. यंत्र गावाचं असावं, माणसाकडे फक्त आपलं कार्ड असावं, अशी ती रचना होती. २००४ मध्ये सिंप्युटर बाजारात आला, पण खपला नाही. पुढे मोबाइलने त्याची जागा घेतली. यंत्र गेलं, तशी ‘सामायिक यंत्रा’ची कल्पनाही अडगळीत गेली.

त्याच सुमारास दुसरी, अगदी उलट घोषणा जगभर दुमदुमली: ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’. निकोलस निग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या यंत्राचं स्वप्न मांडलं. हिरव्या-पांढऱ्या रंगाचं, उन्हातही पडदा वाचता येईल असं, मुलांच्या हाताला झेपणारं यंत्र. किंमत प्रत्यक्षात शंभर डॉलरच्या बरीच वर गेली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरी २००७ मध्ये आपल्या राज्यात तिचा एक छोटा प्रयोग झालाच. रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट गावी. एकशिक्षकी शाळा, मोजकी मुलं आणि प्रत्येकाच्या हातात एक यंत्र. या यंत्रांसाठी देवनागरी कळफलकही तयार झाला होता. प्रयोगाची चर्चा पुष्कळ झाली, पण राज्यभर तो पसरला नाही.

परदेशात तो मोठ्या प्रमाणावर झाला. पेरू देशात ग्रामीण शाळांना असे लॅपटॉप वाटले गेले. ३१९ शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुलांचा संगणकाचा वापर खूप वाढला, तर्कशक्तीच्या चाचणीत थोडा फरकही दिसला; पण गणितात आणि भाषेत काहीच वाढ सापडली नाही. यंत्र पोहोचलं होतं. त्याच्याभोवतीचं शिकवणं मात्र होतं तिथेच राहिलं.

आता याच्या शेजारी एक देशी उदाहरण ठेवू. तिथे यंत्र टेबलावरचं होतं, पण धडा आपल्या कामाचा आहे. बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये चौथीच्या मुलांना आठवड्याला फक्त दोन तास संगणक मिळायचा, तोही दोघांत एक. त्यावर गणिताचे खेळ असायचे, आणि मूल जिथे आहे तिथून खेळ पुढे जायचा. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. गणितात चांगली वाढ दिसली होती. कार्यक्रम थांबल्यावर ती बरीचशी ओसरलीही. आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. दोघांत एक यंत्र असलं तरी मुलं शिकतात, आणि सातत्य सुटलं की शिकलेलं निसटतं.

मग महाराष्ट्रात काय टिकलं? शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा. संदीप गुंड या शिक्षकाने तिथे सौर ऊर्जेवर टॅब आणि पडदा चालवून दाखवला, आणि राज्यातली पहिली डिजिटल शाळा म्हणून तिचं नाव झालं. २०१५ मध्ये सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आणला. त्यानंतर गावोगावच्या शिक्षकांनी लोकवर्गणी गोळा केली. कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी टॅब दिले, कुणी भिंती रंगवून दिल्या. मराठवाड्यातला शेतकरी दुष्काळात होरपळत असतानाही शाळेसाठी हात सैल सोडत होता. याची नोंद इतिहासात व्हायला हवी.

तसंच सोलापूर जिल्ह्यातलं परितेवाडी. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, चित्रफीत दिसायची. पुढे ‘बालभारती’च्या पुस्तकांतही कोड आले, आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. इथे पुस्तक हद्दपार झालं नाही, यंत्र पुस्तकाच्या सेवेला आलं. आणि ते यंत्र बापाच्या खिशातलं असलं तरी चालत होतं.

या दोन्ही गोष्टींत समान काय आहे बघा. ब्रँड वेगळे, साल वेगळं. पण दोन्हीकडे यंत्राचा निर्णय शिक्षकाच्या हातात होता. काय दाखवायचं, कधी बंद करायचं, बिघडलं तर कुणाला हाक मारायची, हे त्याला ठाऊक होतं. पन्नास वर्षांचा हा इतिहास आम्ही एका वाक्यात असा सांगू: जे यंत्र शिक्षकाने आपलं केलं ते वर्गात राहिलं, आणि ज्याची फक्त पोच घेतली गेली ते कपाटात गेलं.

मार्च २०२० ने याची परीक्षा घेतली. शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर गेलं. ‘असर’च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये शाळेत जाणाऱ्या ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये हे प्रमाण ६१.८ टक्क्यांवर गेलं. वाढ मोठी खरी, पण उरलेल्यांचं काय? आणि घरात फोन एक, पोरं तीन, आणि तो फोन घेऊन बाप रानात गेलेला, हे टक्केवारीत कुठे दिसतं? म्हणून सह्याद्री वाहिनीवरची ‘टिलीमिली’ मालिका त्या काळात अनेक घरांना आधार वाटली. तिथे एका पडद्यापुढे सगळी भावंडं बसू शकत होती. अडगळीत टाकलेली सामायिक यंत्राची कल्पना अडचणीच्या काळात पुन्हा कामी आली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. कळमनुरी, सेनगाव, औंढा या भागांत बंजारा तांडे आहेत, आंध आदिवासींच्या वस्त्या आहेत. तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं. त्याच्यासाठी पुस्तकाची मराठी हीच नवी भाषा असते. त्यात टॅबवरची मराठी पुण्याच्या उच्चाराची. म्हणजे त्या मुलाला दोन उंबरे ओलांडायचे आहेत. दिवाळीनंतर काही आईबाप ऊसतोडीला, वीटभट्टीवर जातात आणि पोरंही बरोबर जातात. शाळेच्या कपाटातला टॅब त्यांच्या काय कामाचा?

पण नेमक्या याच मुलांसाठी हे यंत्र मोठं काम करू शकतं. टॅबला कान आहेत, हे आपण विसरतो. आजीची गोष्ट गोरमाटीत ध्वनिमुद्रित करा. मुलांनी ती मराठीत सांगावी, मग लिहावी, मग आपलाच आवाज ऐकून दुरुस्त करावी. यासाठी इंटरनेट लागत नाही. पाच टॅब तीस मुलांना पुरतात. उसाच्या फडावर जाणाऱ्या मुलाबरोबर त्याचे धडे आईच्या फोनवर जाऊ शकतात. अ‍ॅलन के म्हणत होते ते ‘घडवणं’ आपल्याकडे याच वाटेने येईल.

एक शंका विचारली जाते: यंत्र आलं म्हणजे शिक्षक कमी लागतील का? प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात लिहिण्याच्या कलेवर आक्षेप आहे. अक्षरं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, पुन्हा पुन्हा तेच सांगतात. आजची यंत्रं उत्तरंही देऊ लागली आहेत, हे मान्य. पण मूल गप्प का बसलंय, ते उपाशी आलंय की घाबरलंय, हे ओळखणारा माणूस वर्गात लागतोच. कमी पटाच्या शाळा बंद करायच्या की नाही, अशी चर्चा चालू असताना टॅबकडे बोट दाखवून कुणी शिक्षक काढून घेत असेल, तर गावाने तिथे ठामपणे उभं राहिलं पाहिजे.

म्हणून शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना आमचं सांगणं साधं आहे. टॅब देणगीत मिळाले तर जरूर घ्या, सत्कारही करा. पण त्याच सभेत चार प्रश्न विचारा. विजेचं बिल कोण भरणार? बिघडल्यावर दुरुस्ती कोण करणार? त्यातले धडे आमच्या मुलांच्या बोलीला जवळचे आहेत का? आणि गुरुजींना, बाईंना हे वापरायला शिकायचा वेळ कोण देणार? चारही उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा वाचा.

लायगोचं यंत्र एकटं काही सांगत नाही. त्याच्या नोंदी वाचायला, खऱ्या संकेतातून गोंगाट वेगळा काढायला शेकडो माणसं लागतात, तेव्हा कुठे विश्वाची एक लहर हाती येते. एवढ्या मोठ्या यंत्राला माणूस लागतो, तर तांड्यावरच्या शाळेतल्या टॅबला तो लागणारच. त्या वेधशाळेत उद्या नोंदी वाचायला बसणारी मुलगी आज याच जिल्ह्यातल्या एखाद्या चौथीच्या वर्गात असू शकते. तिच्या वर्गात शिक्षक राहील, एवढं आपण बघू या.