मोटार विमा हप्ता, तुलना-संकेतस्थळांवरील

एकाच मोटारीसाठी निरनिराळ्या विमा कंपन्या मागत असलेले हप्ते शेजारी शेजारी मांडणाऱ्या संकेतस्थळांवर दिसणारी दरतफावत. गाडीचा क्रमांक, मॉडेल, नोंदणीचे वर्ष आणि मागील पॉलिसीचा तपशील भरला की दरांची यादी समोर येते. ही तफावत हप्त्याच्या काही घटकांपुरतीच असते. उरलेले घटक सर्व कंपन्यांना समान असतात. गिरगाव, लालबाग, परळ, दादर या मुंबई शहर भागातील खासगी गाड्यांची नोंदणी प्रामुख्याने तारदेव आरटीओकडे, म्हणजे एमएच-०१ मालिकेत होते. त्यामुळे या वस्त्यांमधील वाहनधारकांना दिसणारे दर मुख्यतः मॉडेल, गाडीचे वय आणि दाव्यांचा इतिहास यांवरून बदलतात, पत्त्यावरून क्वचितच.

पार्श्वभूमी : न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स ही कंपनी दोराबजी टाटा यांनी १९१९ मध्ये मुंबईत स्थापन केली.  १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ विमा संस्था न्यू इंडियासह चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. त्यानंतर दीर्घकाळ मोटार विम्याचे दर टॅरिफ अ‍ॅडव्हायजरी कमिटी ठरवी आणि सर्व कंपन्यांना तेच लागू असत, त्यामुळे दरांच्या तुलनेला अर्थ नव्हता. २००२ च्या मोटार टॅरिफने खासगी गाड्यांसाठी देशाचे दोन विभाग केले. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद आणि अहमदाबाद ‘अ’ विभागात आले, उर्वरित देश ‘ब’ विभागात. १००० ते १५०० सीसीच्या, पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी ‘अ’ विभागाचा दर विमामूल्याच्या ३.२८३ टक्के, तर ‘ब’ विभागाचा ३.१९१ टक्के होता. सहा लाख रुपये मूल्याच्या गाडीवर हा फरक अवघा ५५२ रुपये होतो. १ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, दर कंपन्यांवर सोपवण्यात आला. संकेतस्थळांवरील आजच्या तफावतीचा उगम तेथे आहे.

समान राहणारा भाग : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई करणारा विमा, सक्तीचा आहे. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या विम्याचा हप्ता केंद्र सरकार विमा नियामक प्राधिकरणाशी विचारविनिमय करून जाहीर करते. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये वार्षिक हप्ता पडतो. विजेवरच्या मोटारींना यात सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकरकमी घ्यावा लागतो. हा हप्ता एजंटाकडे, शोरूममध्ये वा संकेतस्थळावर सारखाच असतो. वर १८ टक्के जीएसटी लागतो.

तफावतीची कारणे : (१) ओन डॅमेजवरील सूट. ही सूट कंपनीगणिक बदलते. मॉडेल, इंधन, गाडीचे वय, नोंदणीचे आरटीओ आणि दाव्यांचा स्वतःचा अनुभव पाहून प्रत्येक कंपनी ती ठरवते.

(२) आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीस गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास मिळणारी कमाल रक्कम. टॅरिफनुसार किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एका वर्षापर्यंत १५ टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ५० टक्के घसारा वजा होतो. त्यापुढे मूल्य उभयपक्षी ठरते. कंपन्या या आकड्याभोवती मर्यादित फेरफार करू देतात. यादीतील सर्वांत स्वस्त दर पुष्कळदा सर्वांत कमी आयडीव्हीचा असतो. उदाहरणादाखल १२०० सीसीची गाडी, जुन्या टॅरिफवर ६० टक्के सूट आणि ३५ टक्के नो क्लेम बोनस धरला, तर सहा लाख आयडीव्हीला थर्ड पार्टी व जीएसटीसह हप्ता सुमारे १०,०७४ रुपये होतो. आयडीव्ही ५.२० लाख केली की तो ९,२६८ रुपयांवर येतो. सूट तीच राहिली. ८०६ रुपये वाचले आणि संरक्षण ८०,००० रुपयांनी घटले.

(३) नो क्लेम बोनस. दावा न केलेल्या सलग वर्षांनुसार तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के मिळतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की तो जातो. मागील वर्षी दावा घेऊनही ‘नाही’ असे भरल्यास पडद्यावरचा दर उतरतो, मात्र पुढे दावा नाकारला जाण्याचा धोका राहतो.

(४) ऐच्छिक कपात. दाव्यातील ठरावीक रक्कम स्वतः सोसण्याची तयारी दाखवली की हप्ता कमी होतो. १५०० सीसीपर्यंत १,००० रुपयांची आणि त्यापुढे २,००० रुपयांची अनिवार्य कपात याहून वेगळी असते.

(५) पूरक संरक्षणे. झीरो डेप (सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण, रिटर्न टू इनव्हॉइस (पूर्ण नुकसानीत खरेदी-बिलाइतकी रक्कम), रस्त्यावरील मदत यांचे दर आणि अटी कंपनीगणिक निराळ्या असतात. मूळ पॉलिसीची कलमे बहुतांशी टॅरिफकाळातील समान मसुद्यावर बेतलेली असल्याने तेवढ्यापुरती तुलना सरळ होते. पूरक संरक्षणांत मात्र नाव तेच राहून मर्यादा बदलतात. झीरो डेपचे वर्षाला किती दावे मान्य होतील, हा त्यातला नेहमीचा फरक.

मुंबई शहर भागातील विशेष बाबी : परळ-दादर पट्ट्यातील हिंदमाता हा पावसाळ्यात पाणी तुंबण्याचा जुना परिसर आहे. महापालिकेने तेथील पाणी साठवण्यासाठी भूमिगत टाक्याही बांधल्या. पुराने गाडीचे झालेले नुकसान सर्वंकष पॉलिसीत येते. पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करताना इंजिनात पाणी शिरून ते निकामी झाले, तर कंपन्या ते परिणामी नुकसान मानून सहसा वगळतात. त्यासाठी इंजिन संरक्षण लागते आणि किमान दराच्या यादीत ते बहुधा धरलेले नसते. २६ जुलै २००५ रोजी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी, तर कुलाब्याला ७३ मिमी पाऊस झाला होता. टॅरिफच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे एकाच ‘अ’ विभागात होती. गाडी टॉवरच्या पोडियममध्ये उभी राहते की चाळीसमोर रस्त्यावर, हेही सहसा विचारले जात नाही. लोकलने कामावर जाणाऱ्या आणि गाडी रविवारीच काढणाऱ्या कुटुंबांना मात्र २०२२ मध्ये नियामकाने मान्य केलेला, किलोमीटरवर आधारित पर्याय स्वस्त पडू शकतो. चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या मान्यताप्राप्त संस्थेच्या सदस्यांना टॅरिफमध्ये ओन डॅमेजवर ५ टक्के, कमाल २०० रुपये सूट होती.

नियमन : वेब अ‍ॅग्रिगेटरांसाठी, म्हणजे तुलना-संकेतस्थळांसाठी, २०१३ मध्ये विनियम आले आणि २०१७ मध्ये ते नव्याने करण्यात आले. त्यांनुसार अशा संकेतस्थळांना विमा योजनांना मानांकन देण्यास, क्रमवारी लावण्यास वा ‘सर्वाधिक खपाची’ असे मिरवण्यास मनाई करण्यात आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या पॉलिसीबझारला २०२१ मध्ये ब्रोकरचा परवाना मिळाला; दलाली करणाऱ्या संकेतस्थळांना ब्रोकरांचे नियम लागू होतात. दोन्ही प्रकारांत उत्पन्न विमा कंपन्यांकडून येते आणि करार झालेल्या कंपन्यांचेच दर दिसतात. म्हणून यादीत नसलेल्या कंपनीचा दर तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा एजंटाकडे पाहावा लागतो. सर्व कंपन्यांना एका मंचावर आणण्यासाठी नियामकाने २०२४ मध्ये ‘बिमा सुगम’चे विनियम केले, हा मंच ना-नफा कंपनीने चालवावा, अशी त्यात तरतूद आहे.

तुलनेची पद्धत : आयडीव्ही, नो क्लेम बोनस, ऐच्छिक कपात आणि पूरक संरक्षणे सर्व कंपन्यांसाठी सारखी ठेवून थर्ड पार्टी हप्ता वजा केला, तर उरलेला फरक हा खरा दरातील फरक होय. त्यानंतर जवळच्या कॅशलेस गॅरेजांची यादी पाहिली जाते. सवलतीचा दर असूनही परळ-दादर भागात सोयीचे गॅरेज नसेल, तर दाव्याच्या वेळी गाडी दूर न्यावी लागते किंवा खर्च आधी स्वतः करावा लागतो. कंपनीकडे तक्रार करूनही दाव्याचा वाद मिटला नाही, तर मुंबईतील विमाधारकाला सांताक्रूझ येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.