अकिलीस कंडरेची जुनी तूट
पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी जोडणारी ही कंडरा तुटून सुमारे ४ आठवड्यांची मुदत उलटली, म्हणजे तूट जुनी मानतात. भालकी, बसवकल्याण, आळंद अशा मराठीभाषी सीमाभागातील शेतकऱ्याने साधी लचक समजून लेपावर दिवस काढावेत, किंवा फुटक्या शौचकूपाने झालेल्या जखमेची (भारतात हे कारण दुर्मिळ नव्हे) केवळ कातडी शिवली जावी, आणि तोवर आखडलेल्या स्नायूने कंडरेचे वरचे टोक दूर ओढून न्यावे, असे सहज घडू शकते. पोटरी दाबूनही पाऊल खाली न झुकणे ही १९५० नंतर रूढ झालेली परीक्षा सोपी आहे. मात्र जुन्या तुटीत दोन टोकांमध्ये भरलेला व्रणतंतू फसवतो.

व्रणतंतू काढल्यावर उरणाऱ्या अंतरावर शस्त्रक्रियेचा प्रकार ठरतो : अंतर २ सेंमी.च्या आत असल्यास टोके सरळ शिवतात; त्याहून अधिक, साधारण ५ सेंमी.पर्यंत, वरच्या पटलास उलट्या ‘व्ही’सारखा छेद देऊन कंडरा खाली सरकवतात, त्याहीपुढे पायाचा अंगठा वाकवणाऱ्या स्नायूची कंडरा टाचेच्या हाडात रोवतात. येथील त्वचा पातळ व रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने जखम चिघळण्याचे भय शिवण उसवण्याच्या भयापेक्षा मोठे. उपचारासाठी या सीमाभागाजवळ गुलबर्ग्याचे (आता कलबुर्गी) महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून, तर बीदरचे शासकीय महाविद्यालय २००७ पासून चालू आहे.