पाराच्या धक्क्यावरची लाँच

युगांडाच्या मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानात पारा नावाचा धक्का आहे. तिथून लाँच सुटते, व्हिक्टोरिया नाईलच्या प्रवाहाविरुद्ध सुमारे सतरा किलोमीटर वर जाते, धबधब्याच्या अलीकडे थांबते आणि परत फिरते. सगळी फेरी तीनेक तासांची. काठाकाठाने पाणघोड्यांचे कळप, वाळूवर जबडा वासून पडलेल्या मगरी, पाण्यावर आलेले हत्ती, उभ्या दरडींत बिळं कोरून राहणारे लाल गळ्याचे वेडे राघू. धबधबा जवळ आला की फेसाचे पुंजके पाण्यावरून वाहत येऊ लागतात. आफ्रिकेतले प्राणी बहुतेक लोक जीपमधून पाहतात. इथे ते नदीतून पाहायचे. ही रीत इथे कशी पडली, याचा माग काढत मागे गेलं की वाट दीडशे वर्षांच्याही पलीकडे जाते, आणि त्या वाटेवर आनंदाइतकीच हानी भेटते.

सुरुवात परदेशी माणसापासून करायची प्रथा आहे, पण ती इथे लागू पडत नाही. ही नदी ज्या अल्बर्ट सरोवराला मिळते त्याच्या काठी किबिरो नावाचं गाव आहे. तिथल्या बायका शेकडो वर्षं खारट मातीतून मीठ काढत आल्या आहेत. ते मीठ आणि सुकी मासळी वाहून नेणाऱ्या होड्या, एकाच झाडाचा बुंधा कोरून केलेल्या, या पाण्यावर कधीपासून फिरत होत्या. पाणघोडा कुठे असतो, कुठल्या वळणावर त्याच्यापासून लांब राहायचं, मगर कुठे ऊन खाते, हे त्या वल्हेकऱ्यांना ठाऊक असणं भाग होतं. पाण्यातून प्राणी ओळखण्याची विद्या त्यांची. आजच्या लाँचचा सुकाणू धरणारा माणूस त्याच विद्येवर चालतो.

इंग्रज प्रवासी-संशोधक सॅम्युएल बेकर आला तो 1864 मध्ये. त्याच्यासोबत फ्लोरेन्स होती; डॅन्यूबकाठच्या विदिनमधल्या गुलामांच्या बाजारातून त्याने तिला 1859 मध्ये सोडवून आणलं होतं. 14 मार्च रोजी दोघं अल्बर्ट सरोवराच्या काठी पोहोचली, तापाने खंगलेली. तिथून पुढे बुंधा कोरलेल्या दोन होड्या मिळवून ती काठाकाठाने उत्तरेला निघाली. वाटेत वल्हेकरी पळून गेले, तेव्हा बेकरने आपली लोकरी शाल शिडासारखी बांधली. तेरा दिवसांनी नदीचं मुख लागलं आणि होडी नाईलमध्ये वळली.

पुढचा प्रवास म्हणजे आजच्या लाँचचाच मार्ग. मगरी इतक्या होत्या की एकेका वाळवंटावर त्यांची रांगच पडलेली. धबधब्याची गाज वाढत गेली आणि एका वळणानंतर तो समोर आला: सबंध नाईल जेमतेम सात मीटर रुंद खिंडीत कोंडून त्रेचाळीस मीटर खाली झोकून देते. प्रवाहाचा जोर इतका की होडी पुढे जाईना. ती लव्हाळ्यांत शिरवून क्षणभर थांबवली, तोच खालून एक नर पाणघोडा धडकला आणि त्याने होडी निम्मी पाण्याबाहेर उचलली. उलटली असती तर मगरी होत्याच. बेकरने धबधब्याला लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष रॉडरिक मर्चिसन यांचं नाव दिलं. मर्चिसनने तो कधी पाहिला नाही. वल्ही मारून ज्यांनी बेकरला तिथवर नेलं त्यांची नावं नकाशावर आली नाहीत. लाँचवर आजही बेकरची गोष्ट सांगितली जाते, आणि मला वाटतं, तिच्यात एवढं वाक्य तरी जोडायला हवं.

बेकर 1872 मध्ये परत आला तो इजिप्तच्या वतीने इथलं बुन्योरो राज्य ताब्यात घ्यायला. तरुण राजा कबालेगाने त्याला मासिंदीहून माघार घ्यायला लावली. पण पुढे इंग्रज आले. 1894 पासून पाच वर्षं लढाई चालली, गावं आणि शेतं उद्ध्वस्त झाली, 1899 मध्ये कबालेगा पकडला गेला आणि त्याची रवानगी सेशेल्स बेटांवर झाली. त्यामागोमाग निद्रारोग आला. त्सेत्से माशी नदीकाठच्या झुडपांत राहते, आणि माणसंही पाण्यासाठी नदीकाठीच राहत होती. चर्चिल 1907 मध्ये या बाजूने गेला, त्या सुमारास धबधब्याखालचं फजाओ गाव या रोगाने ओस पडत चाललं होतं. 1907 ते 1912 या काळात सरकारने सुमारे 13,000 चौरस किलोमीटर मुलखातून माणसं हलवली. 1910 मध्ये नदीच्या दक्षिणेला शिकारीसाठी राखीव क्षेत्र जाहीर झालं, 1928 मध्ये ते उत्तरेला वाढलं.

लाँचवरून दिसणाऱ्या काठावर घर नाही, शेत नाही, धूर नाही. पाहणाऱ्याला वाटतं, हे असंच होतं, माणसाचा हात न लागलेलं. ते तसं नव्हतं. हे रान उठवलेल्या गावांच्या जागेवर वाढलं आहे. हत्ती आणि पाणघोड्यांची ती गर्दी ज्या रिकामपणामुळे शक्य झाली, तो रिकामपणा लढाईने, रोगाने आणि हुकुमाने आणला. प्राणी पाहताना मन भरून येतं ते खोटं नाही. पण या काठाचा हा भाग माहीत नसेल तर पाहणं अर्धंच होतं.

सुरुवातीचे पाहुणे बंदूक घेऊन आले. जानेवारी 1910 मध्ये थिओडोर रूझवेल्ट सरोवरावरच्या बुटियाबा बंदरातून होड्यांनी नाईलमध्ये उतरला आणि पश्चिम काठच्या लाडो मुलखात त्याने पांढरे गेंडे मारले. ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात गेले. तोवर युगांडा रेल्वे पूर्ण झालेली होती. कराची-मुंबईच्या बंदरांतून नेलेल्या तीस हजारांहून अधिक हिंदी मजुरांनी ती बांधली. तिच्या जोरावर पुढे प्रवासाची एक साखळीच तयार झाली: मोंबासाहून आगगाडी, व्हिक्टोरिया आणि क्योगा सरोवरांवर आगबोटी, मग मोटाररस्ता, बुटियाबाहून पुन्हा आगबोट आणि खाली सुदानकडे. या वाटेने जाणाऱ्यांना धबधब्यापर्यंत एक चक्कर मारून आणणं ओघानेच आलं. बंदूक हळूहळू मागे पडली, कॅमेरा पुढे आला.

1951 मध्ये जॉन ह्यूस्टनने ‘द आफ्रिकन क्वीन’चं काही चित्रीकरण याच भागात केलं. त्यानंतर तीन वर्षांनी, जानेवारी 1954 मध्ये, धबधब्याजवळ तारेला अडकून एक लहान विमान कोसळलं. त्यात अर्नेस्ट हेमिंग्वे होता, ज्याची कादंबरी पु. लं.नी ‘एका कोळियाने’ म्हणून मराठीत आणली तोच. त्याने, त्याच्या पत्नीने आणि वैमानिकाने रात्र काठावर काढली आणि दुसऱ्या दिवशी ‘मर्चिसन’ नावाच्या बोटीने त्यांना उचललं. मला या प्रसंगात हेमिंग्वेपेक्षा बोट महत्त्वाची वाटते. एका डॉक्टरने ती आपल्या कुटुंबाच्या सहलीसाठी भाड्याने घेतलेली होती. म्हणजे 1954 पर्यंत ही फेरी घरच्या मंडळींना घेऊन जाण्याजोगी झाली होती.

दोनच वर्षांपूर्वी, 1952 मध्ये, राष्ट्रीय उद्यान झालं होतं. पाराहून लाँच सुरू झाल्या, गर्दी वाढली, आणि ती गर्दी मगरींना भोवली. ह्यू कॉट या प्राणिशास्त्रज्ञाने ते दाखवून दिलं. प्राण्यांच्या रंगांतून होणाऱ्या लपवणुकीवरचा त्याचा 1940 चा ग्रंथ आजही मानला जातो. पुढे तो नाईलच्या मगरींमागे लागला. मगरीची मादी काठच्या वाळूत खड्डा करून अंडी घालते, वाळूने झाकते आणि सुमारे तीन महिने तिथून फारशी हलत नाही, खातही जवळपास नाही. पिल्लं आतून आवाज करू लागली की ती वाळू उकरते आणि त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. ही राखण मोडली की सगळं संपतं. लाँच काठाजवळ येई, मादी घाबरून पाण्यात शिरे. लाँचवर तेवढ्यात चार फोटो निघत. ती गेली की घोरपडी येत, बबून येत, खड्डा उकरून अंडी फस्त करत. कॉटने हे 1969 मध्ये मांडलं. ज्या जागा पाहायला सोप्या, तिथेच घरटी अधिक लुटली जात. कुणीही मगर मारत नव्हतं, सगळे फक्त पाहत होते. या फेरीच्या इतिहासातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं पान हेच.

दरम्यान 1962 मध्ये, युगांडा स्वतंत्र झाला त्या वर्षी, पुराच्या पाण्याने खडकातून दुसरी वाट काढली आणि जुन्या धबधब्याशेजारी नवा कोसळू लागला; त्याला उहुरू, म्हणजे स्वातंत्र्य, म्हणतात. आजूबाजूला वस्ती वाढून कोंडलेल्या हत्तींनी झाडं संपवत आणली, म्हणून 1965 ते 1967 या काळात शास्त्रीय पाहणीसह सुमारे दोन हजार हत्ती आणि चार हजार पाणघोडे मारण्यात आले. त्यावर अजून वाद होतो. पण पुढे जे घडलं त्यावर वाद होऊच शकत नाही. इदी अमीनच्या राजवटीत 1972 मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडावा लागला. रेल्वेमागोमाग आलेली गुजराती, पंजाबी, गोवेकर घरं त्यात होती. परदेशी पाहुणे थांबले, लाँच धक्क्याला लागल्या, आणि बंदुका परत आल्या, या वेळी सैनिकांच्या. अमीनची सत्ता उलथवणाऱ्या 1979 च्या युद्धानंतर तर धरबंधच उरला नाही. हत्ती मूठभर राहिले. पश्चिम काठावरून वाचवण्यासाठी 1960 च्या दशकात उद्यानात आणलेले उत्तरी पांढरे गेंडे, रूझवेल्टने मारले त्याच जातकुळीचे, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नाहीसे झाले. आज त्या जातकुळीच्या दोनच माद्या उरल्या आहेत, केनियात, पहाऱ्यात.

नंतर उत्तरेत अनेक वर्षं बंडखोरी चालली. ती निवली तशी फेरी पुन्हा बहरली, हत्ती सावरले. आता नदी सरोवराला मिळते त्या पाणथळीत जोड्यासारख्या चोचीचा शूबिल पाहायला प्रवाहाच्या दिशेनेही लाँच जातात. पण अल्बर्ट सरोवराच्या परिसरात 2006 मध्ये तेल सापडलं. उद्यानाच्या हद्दीतच विहिरी खोदल्या गेल्या आणि तेलाची वाहिनी नाईलच्या तळाखालून नेण्याची योजना झाली. वरच्या बाजूला करुमाचं 600 मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं.

आणि 2019 मध्ये खुद्द धबधब्यावर वीज काढायचा प्रस्ताव आला. या वेळी सहली नेणारे गप्प बसले नाहीत, उघडपणे विरोधाला उभे राहिले. बेकरच्या वल्हेकऱ्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. फजाओच्या लोकांनाही नाही. या नदीवर लोकांना प्राणी आणि पाणी दाखवून पोट भरणारी माणसं पहिल्यांदाच स्वतः बोलली, आणि मी तरी त्यांच्या बाजूचा आहे. ऑगस्टमध्ये मंत्रिमंडळाने प्रस्ताव फेटाळला. डिसेंबरपर्यंत सरकारने अभ्यासासाठी पुन्हा दार उघडलं.