गळ्यात काय घालायचं, हे कोण ठरवतं?

गणपतीच्या आधी पंधरा दिवस पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही छोट्या बुटीकचं इन्स्टाग्राम पेज उघडा. काळपट चांदीसारखा दिसणारा जाड चोकर, कोपरापर्यंत चढवलेली कडी, घुंगरांचे तोडे, कवड्यांची माळ. खाली लिहिलेलं असतं: हँडमेड, ट्रायबल, एकच पीस. किंमत विचारायला डीएम करायचा. मला हे सगळं आवडतं, हे आधीच सांगून टाकते. माझ्या कपाटात त्यातलं बरंच काही आहे. पण या दागिन्यांचा घाट महाराष्ट्राच्या इतिहासात एकदा फार वेगळ्या कारणाने चर्चेत आला होता. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी अशाच हातभर कड्या आणि गळाभर माळा बायकांनी ठरवून अंगावरून उतरवल्या होत्या.

महाडचं नाव घेतलं की आपल्याला चवदार तळं आठवतं, २० मार्च १९२७. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद झाली. २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली गेली, हेही शाळेत कधीतरी कानावर पडलेलं असतं. या परिषदेसाठी आलेल्या बायकांपुढे डॉ. आंबेडकरांनी एक वेगळं भाषण केलं, ते मात्र पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका, हे त्यात होतंच. पण बराच वेळ ते बोलले कपड्यांवर आणि दागिन्यांवर.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: तुमची लुगडं नेसायची पद्धत, गळ्यातला गळसऱ्यांचा ढीग, हातातल्या कोपरापर्यंतच्या कथलाच्या नाहीतर चांदीच्या गोठ-पाटल्या, या सगळ्यांवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे लांबून कळतं. ही ओळख पुसून टाका. लुगडं वरच्या जातीतल्या बायकांसारखं नेसा. गळसरी हवी तर एक पुरे. दागिना घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ हवं.

आणि बायकांनी ते लगेच केलं. चित्रे आणि टिपणीस या परिषदेच्या कार्यकर्त्यांच्या घरच्या स्त्रियांनी त्यांना घोट्यापर्यंतचं लुगडं कसं नेसायचं ते दाखवलं, आणि महाडहून परतताना बायका नव्या पद्धतीने नेसून निघाल्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी गोळा करून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. ते वाचताना लक्षात येतं की या बायकांना ‘चळवळ’ ही गोष्ट आधी अंगावर कळली होती, मग डोक्याने. घोट्यापर्यंत आलेलं लुगडं म्हणजे काय, हे ज्यांचं लुगडं नेहमीच घोट्यापर्यंत होतं त्यांना सांगून समजणं कठीण आहे.

दोन दिवस आधी जो ग्रंथ जाळला, त्याच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहेत. त्यांनी मेलेल्या माणसांची वस्त्रं घालावीत आणि त्यांचे दागिने लोखंडाचे असावेत, असं तिथे सांगितलंय. म्हणजे कपडा आणि दागिना या बाबतीत कायदा करणाऱ्याला फार पूर्वीपासून रस होता. गावगाड्यात पुढे जे चाललं ते या नियमाच्या शब्दांपेक्षा त्याच्या हेतूला धरून होतं. कोण गुडघ्याच्या वर नेसणार, कोण खाली. कुणाच्या अंगावर सोनं चालेल, कुणाच्या अंगावर कथील. कोणी पायात वहाण घालून पाटलाच्या वाड्यासमोरून जायचं आणि कोणी ती हातात घ्यायची. वाटेवर समोरून येणारा माणूस कोण आहे, हे तोंड उघडायच्या आत कळावं, अशी ती व्यवस्था होती.

‘हँडमेड’ या शब्दाचं कौतुक करताना मी इथे नेहमी अडखळते. त्या काळात हाताने केलेलं नव्हतं असं होतं तरी काय? लुगडं मागावरचं, वहाण गावातल्या चांभाराच्या हातची, कडं गावच्याच सोनाराने नाहीतर कासाराने घडवलेलं. प्रत्येक तालुक्याचे काठ वेगळे, प्रत्येक जातीची नथ वेगळी. आजच्या बुटीकच्या भाषेत सांगायचं तर सगळंच लोकल आणि सगळंच युनिक. फक्त ते वेगळेपण त्या बाईचं नव्हतं. ते तिच्या जातीचं, तिच्या गावाचं, तिचा नवरा जिवंत आहे की नाही याचं होतं. तिने स्वतः त्यातलं किती निवडलं असेल? काठाचा रंग, कदाचित.

महाडच्या बारा वर्षं आधी केरळात हेच घडलं होतं, आणि तिथे त्यासाठी रक्त सांडलं. त्रावणकोर संस्थानात पुलय जातीच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, छाती झाकायची नाही आणि गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालायच्या, असा दंडक होता. त्या माळेला म्हणायचे ‘कल्लुमाला’. १९१५ मध्ये अय्यंकाळींनी या माळा टाकून द्यायची हाक दिली. पेरिनाडला हिंसा झाली, झोपड्या जळल्या. मग कोल्लमच्या जाहीर सभेत बायकांनी गळ्यातल्या माळा कापून तिथेच टाकल्या. आज ‘स्टोन बीड नेकपीस’ असं कुठे वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर तो ढीग येतो. तो कुणी जपून ठेवायला हवा होता असं मला वाटत नाही.

याच्या शेजारी तीन प्रसिद्ध पुरुषांचे कपडे ठेवून पाहा. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानाच्या समारंभाला जोतीराव फुले गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. बाकी मंडळी दागदागिन्यांनी नटून आली होती. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत गांधींनी सदरा-टोपी सोडून पंचा जवळ केला. आणि आंबेडकर नीट शिवलेल्या सुटात, टाय लावून. पहिल्या दोघांनी अंगावरचं कमी केलं, तिसऱ्यांनी वाढवलं, आणि तिघांचंही बरोबर होतं. ज्याला गावाने अंगभर कपडा घालू दिला नाही त्याने पंचा नेसला तर त्यात कुणाला त्याग दिसणार? सुटाबुटातला बाबासाहेबांचा पुतळा गावोगाव निळ्या कोटात उभा राहिला. फॅशनच्या इतिहासावर बोलणारे त्या कोटाकडे फारसे वळत नाहीत, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मधल्या काळात एक गोष्ट चुपचाप घडली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली, आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरणीचं स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोचलं. विणकराचं त्यात मोठं नुकसान झालं, ते खरंच आहे. पण गिरणीच्या साडीला जात कळत नव्हती. हजारो बायकांच्या अंगावर तोच काठ, तेच फूल. परळच्या चाळीतल्या बाईकडे पाहून ती कुठल्या गावची, कुणाच्या वस्तीतली, हे ओळखणं अवघड झालं. सगळ्यांसारखं दिसणं ही आपल्याला आज कंटाळवाणी गोष्ट वाटते. तेव्हा ती पुष्कळांना पहिल्यांदाच मिळत होती. याच सुमारास नऊवारीची सहावारी होऊ लागली. सकच्छ नेसावं की विकच्छ, यावर मराठी पुरुषांनी भरपूर शाई खर्च केली, आणि बायकांनी शेवटी सोयीचं होतं तेच नेसलं.

खणाची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची आहे. सध्या खण सगळीकडे आहे: खणाची साडी, खणाचा कुर्ता, खणाची पर्स, खणाच्या कापडावर मोती लावून केलेली कानातली, लॅपटॉपची पिशवीसुद्धा. मूळ कापड येतं बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डहून. हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्याच्या विजापूर जिल्ह्यात होता, त्यामुळे कर्नाटकात विणलेलं हे कापड पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरांत आलं, आणि आपण ते आपलंच मानलं. मागाचा पन्हा अरुंद, कारण कापड विणलं जायचं ते चोळीपुरतं. खण म्हणजे एका चोळीचं कापड. साडीच्या मापाचा खण ही अगदी अलीकडची कल्पना आहे, आणि बाजारात दिसणाऱ्या स्वस्त खणाच्या साड्या बहुतेक यंत्रमागावरच्या असतात.

पण खण नुसतं कापड नव्हतं. खणा-नारळाने ओटी भरायची ती सवाष्णीची. देवीला खण, लेकीला खण, जाऊबाईला खण. त्रिकोणी घडी घालून ताटात ठेवलेला तो तुकडा बाईच्या हातात यायचा तो तिच्या सौभाग्याची पावती म्हणून. तो कुठल्या रंगाचा हवा, हे देणारी ठरवायची. आणि नवरा गेला की खण थांबायचा. ब्राह्मण घरांतल्या सोवळ्या विधवेला तर चोळीच नव्हती: डोक्यावरचे केस काढलेले, अंगावर लाल आलवण, त्याखाली काही नाही. घरात पाच खण कपाटात पडून असले तरी त्यातला एकही तिचा नाही.

म्हणून कुणी म्हणालं की खणाची पर्स म्हणजे परंपरेचा बाजार, तर माझं मत जरा वेगळं आहे. दुकानात जाऊन, स्वतःच्या पैशाने, आवडला तो रंग बघून खण विकत घेणारी बाई ही या कापडाच्या इतिहासात नवीन आहे. ती लग्न झालेली आहे का, हे दुकानदार विचारत नाही. परवा लग्नात एका मुलाने मोरपंखी खणाचं जॅकेट घातलेलं पाहिलं. त्याची आजी त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होती तिच्यात कौतुक किती आणि बुचकळ्यात पडणं किती, ते सांगता येणार नाही.

दागिन्यांबद्दल मात्र इतकं सहज बोलता येत नाही. ऑक्सिडाइज्ड म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा चांदी नसतेच. जर्मन सिल्व्हर हा तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू; नावात सिल्व्हर, आत काही नाही. खऱ्या चांदीला गंधकाने काळं करतात, ती जुनी दिसावी म्हणून. म्हणजे गरिबाघरची, वर्षानुवर्षं अंगावर राहून काळवंडलेली चांदी जशी दिसायची तशी दिसायला आपण वर पैसे देतो. ज्यांच्या घरात सोनं आहे त्यांना हा काळेपणा शोभतो. ज्यांच्या पणजीला सोनं घालायची मनाई होती त्यांच्या घरी लग्नात काय घालतात ते जाऊन पाहा. तिथे पिवळंधमक सोनं असतं, आणि ते मिरवलं जातं. त्याला ‘भडक’ म्हणणारी अभिरुची कुठून आली, हे तपासायला हरकत नाही.

लमाण बायकांच्या भरतकामाचंही असंच. आरसे, कवड्या, शिक्के लावलेली फेट्या-कांचळी घालून तांड्यातल्या बाया रस्त्याच्या किंवा उसाच्या कामावर दिसत, तेव्हा शहरात त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं जाई. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या भटक्या समाजांवर शिक्का मारला त्यांत बंजारा गटही होते, आणि हा शिक्का ऑगस्ट १९५२ पर्यंत कायद्याने टिकला. त्यानंतर तांड्यातल्या मुली साडी आणि पंजाबी ड्रेसकडे वळल्या, आणि आज्यांचे घागरे कापून त्यांच्या पिशव्या झाल्या. तीच पिशवी खांद्याला लावून आपण कॉलेजला जातो. लावू नये असं मी म्हणत नाही. पिशवीवर ‘बोहो’ लिहिलेलं असतं, एवढंच.

कोल्हापुरीचं प्रकरण ताजं आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता, आणि आरडाओरडा झाल्यावर घेतलं. आपण सगळ्यांनी तेव्हा रागाने स्टोऱ्या टाकल्या. कोल्हापूरचं नाव लागलंच पाहिजे, यावर एकमत होतं. चप्पल शिवणाऱ्या समाजाचं नाव त्या स्टोऱ्यांमध्ये मला फार कमी ठिकाणी दिसलं.

आणि कोल्हापूर जिल्ह्यातलीच आणखी एक बातमी, मिलानच्या तीन वर्षं आधीची. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने एक ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं, हे गावात यापुढे करायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. हातात बांगड्या राहू द्यायच्या की काढायच्या, हे ज्या त्या बाईने ठरवावं म्हणून गावाला ठराव करावा लागला, तो महाडनंतर पंचाण्णव वर्षांनी.