मोटारीच्या दाराचें कुलूप

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करितांना दाराचें कुलूप बदलणें ही क्षुल्लक बाब वाटते. इतिहासाच्या दृष्टीनें ती तशी नाहीं. जॅग्वार कंपनीची एक्सके १२० ही इंग्लिश स्पोर्ट्स मोटार १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. या उघड्या गाडीच्या दारांना बाहेरून मूठच नव्हती, मग कुलूप कोठलें? बाजूच्या पडद्याच्या झडपेंतून हात आंत घालून दोरी ओढली, कीं दार उघडे. १९५१ सालीं कायम छपराची व कांचांची गाडी निघाली, तेव्हां बाहेरची मूठ व कुलूप आलें. उघड्या गाडीस बाहेरची मूठ मिळावयास १९५८ सालची एक्सके १५० उजाडावी लागली. जें झांकतां येत नाहीं, त्यास कुलूप घालून उपयोग काय, हा त्यामागील सरळ न्याय होय.

आज चोरीची धास्ती खरी आहे; तथापि त्या पहिल्या गाडीच्या दारास कुलूप बसविणें म्हणजे बखरींत मागाहून ओळ घुसडणें होय. गाडी ठेवण्याच्या खोलीस तें लावावें. बंद गाडीचें झिजलेलें कुलूप मात्र अवश्य दुरुस्त करावें. परंतु किल्लीच्या खांचांशीं जुळणाऱ्या आंतील चकत्या व स्प्रिंगा तेवढ्या बदलून बाहेरचें घर तेंच राखावें, आणि काढलेले तुकडे जपून ठेवावे. पुढील अभ्यासकास तेच पुरावा होतील.